मोरचूद, चुना आणि काकूंचा होकार

आमच्या शेजारच्या काकांना सगळी गल्ली निळेकाका म्हणायची. हे त्यांचं आडनाव नव्हे, पण नव्यानं आलेल्या पोस्टमनला ते तसंच वाटायचं आणि तो दारावरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत उभा राहायचा. काका निळे झाले ते त्यांच्या मागच्या अंगणामुळे. भिंतीचा खालचा भाग, नळाची तोटी, फवारणीच्या पंपाचा पट्टा, जुन्या पायजम्याचे गुडघे, उजव्या हाताची नखं, सगळ्यावर मोरचुदाची फिकट निळी झाक कायमची बसली होती. त्यांची आणि माझी भिंत एक. मी घरीच शिवणकाम करते, माझं मशीन मागच्या खिडकीपाशी आहे आणि ती खिडकी थेट त्यांच्या अंगणात उघडते. त्यामुळे मला डोकावण्याची वेगळी तसदी कधी घ्यावी लागली नाही. लोक म्हणतात मला नको तिथं नाक खुपसायची खोड आहे. असू दे. नाक खुपसलं म्हणून निदान एका माणसाला तरी खरं काय ते माहीत आहे.

काकांनी उमेदीची सगळी वर्षं छापखान्यात खिळे जुळवण्यात काढली. शिशाची उलटी अक्षरं चिमटीत धरून ओळी लावायच्या, हे त्यांचं काम. बोलणं कमी आणि चुका काढणं जास्त. कुणाच्या दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली की हे आत जाऊन सांगून येणार, मग पुढचे कितीतरी दिवस त्या दुकानात आमच्याशी कुणी धड बोलायचं नाही. काकू अगदी वेगळ्या. त्या बाजाराच्या तोंडाशी असलेल्या रिळांच्या आणि बटणांच्या दुकानात काम करायच्या. मी कापडाचा तुकडा घेऊन गेले की त्या तो दिव्याखाली बघायच्या नाहीत. पायरीवर उजेडात यायच्या, तुकडा जरा तिरका धरायच्या, आत जाऊन नेमकं रीळ काढून आणायच्या. मी म्हणायचे, हिरवाच द्या की कुठलाही, आतून तर शिवायचंय. त्या म्हणायच्या, ह्या हिरव्यात पिवळा आहे, तुला दिसत नसला तरी गिऱ्हाइकाला दिसेल. आणि गिऱ्हाइकाला खरंच दिसायचं.

मूलबाळ नव्हतं. होती ती एक द्राक्षाची वेल. या घरात राहायला आले तेव्हा काकूंनी लावलेली. तारांवर चढवून चढवून ती त्यांनी अंगणभर पसरवली, एक फांदी तर माझ्या खिडकीच्या गजांपर्यंत आली होती. द्राक्षं म्हणाल तर आंबटढाण, तोंडात घातलं की एक डोळा मिटायचा. ती दोघंही खायची नाहीत, पाखरं खायची. पण खाली सावली अशी पडायची की भर दुपारी काकू तिथं वेताची खुर्ची टाकून बसायच्या आणि काका बाजूला पालथ्या डब्यावर. त्या सावलीसाठी सगळा खटाटोप होता. हवा दमट झाली की पानांवर तेलकट पिवळे डाग यायचे आणि पान उलटलं की खाली पांढरी लव. केवडा म्हणतात त्या रोगाला, नाव तेवढं गोंडस. एकदा धरला की वेल बघता बघता ओकीबोकी करून सोडतो. त्याच्यावर काकांचं औषध म्हणजे मोरचूद आणि चुना.

ते करण्याची त्यांची एक रीत होती आणि तीत कधी फरक पडला नाही. तीन प्लास्टिकच्या बादल्या. लोखंडाची चालायची नाही, मोरचूद ती खाऊन टाकतो. एकीत मोरचूद विरघळवायचा, दुसरीत कळीचा चुना विझवून दुधासारखा करायचा, आणि मग दोन्ही एकदमच तिसरीत ओतायचं, काठीनं ढवळत. आभाळी रंगाचं पाणी तयार व्हायचं. पण एवढ्यानं भागत नाही. चुना कमी पडला तर तेच औषध पानं जाळून टाकतं. बरं, वजन करून घातला तरी भरवसा नाही, कारण चुना हवा खातो आणि आतून कमजोर होतो, वरून कळत नाही. म्हणून काका भाजीची जुनी लोखंडी सुरी त्या पाण्यात थोडा वेळ धरायचे. पातं होतं तसंच बाहेर आलं तर औषध जमलं. पात्यावर तांब्याचा तांबडा थर चढला तर अजून चुना हवा.

सुरी बाहेर काढली की काका तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. तशीच ठिबकती नेऊन खुर्चीतल्या काकूंच्या हातात द्यायचे. काकू ती उजेडात जरा तिरकी धरायच्या आणि म्हणायच्या, "अजून." काका थोडा चुना घालून, ढवळून, पुन्हा सुरी बुडवून आणायचे. मग त्या म्हणायच्या, "झालं." त्या झालं म्हणाल्या की जगातली कुठलीही गोष्ट काकांना थांबवू शकत नसे. फडक्यातून गाळून पंपात भरायचे आणि वेलीच्या पानापानाला, खालून वरून, न्हाऊ घालायचे. औषध शिळं चालत नाही, म्हणून उरलेलं गल्लीत जायचं. थोडं माझ्या गुलाबांना, थोडं समोरच्या सायकलवाल्याच्या टोमॅटोंना. मला आपलं वाटायचं, हे सुरी दाखवणं म्हणजे म्हातारपणाचे लाड चाललेत. एकदा तसं बोललेही. काकू हसल्या, काका मात्र कान लाल करून आत निघून गेले.

मग ते वर्ष आलं. त्या सकाळी मी खिडकीत होते. काकूंनी सुरी हातात घेतली, तिरकी न धरताच म्हणाल्या, झालं. मला काही वावगं वाटलं नाही. फवारणी झाली, उरलेलं आमच्याकडे आलं, मी गुलाबांवर मारलं. आठवडा संपायच्या आत माझ्या गुलाबांची पानं कडेनं करपली आणि गळायला लागली. सायकलवाल्याचे टोमॅटो कुणी विस्तव दाखवावा तसे झाले. वेलीची तर दशाच. सायकलवाला मूठभर जळकी पानं घेऊन आला, पण माणूस मुळात भिडस्त. ह्या वेळी हात जरा जड झाला वाटतं काका, एवढंच म्हणाला. काका म्हणाले, हो, माझा झाला. मला राहवलं नाही. मी खिडकीतून विचारलं, काका, पातं नव्हतं का दाखवलंत काकूंना? काका वाकून वेलीखाली गळलेली पानं गोळा करायला लागले.

त्याच दुपारी ते माझ्या दारात उभे. इतक्या वर्षांत त्यांनी माझा उंबरा ओलांडलेला मला आठवत नाही. हातात ती सुरी होती, न पुसलेली. त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि ह्यावर काय दिसतंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, दिसायचं काय, तांबडं झालंय पातं, अगदी टोकापर्यंत. ते खुर्चीत बसले.

"मला नाही दिसत," ते म्हणाले. "मला ते कधीच दिसलेलं नाही."

मग हळूहळू बाहेर आलं. तरुणपणी ते बस चालवायला जाणार होते. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. तांबडा आणि हिरवा त्यांना सारखेच, मातकट. म्हणून छापखाना धरला, तिथं काळ्यावर भागत होतं. लग्न ठरताना हे त्यांनी एकट्या काकूंना सांगितलं होतं, आणि तेव्हापासून काकांचा शर्ट, मोजा, पिकलेला टोमॅटो, चौकातल्या सिग्नलचा दिवा, सगळं काकू बघत होत्या. सुरी दाखवणं म्हणजे लाड नव्हते. काका त्यांना विचारत होते, कारण त्यांना खरंच माहीत नसायचं. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मी म्हटलं, मग काकूंचे डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू असेल. काका म्हणाले, तपासले. डोळे धड आहेत. रिळांच्या दुकानाच्या मालकानं त्यांना आता विश्रांती घ्या म्हणून सांगितलं होतं, ते वयामुळे नव्हतं. त्या पायरीवर कापड घेऊन उभ्या राहायच्या आणि आत कशाला जायचं तेच विसरायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढतच जाणार, मागं फिरणार नाही. सुरी हातात आली की त्यांना आठवायचं की काहीतरी म्हणायचं असतं. काय बघून म्हणायचं असतं, ते निसटायला लागलं होतं.

जाताना काका दारात थांबले. "माझ्या डोळ्यांचं गल्लीला कळलं तरी चालेल," ते म्हणाले. "तिचं नको."

मी कुणाला सांगितलं नाही. माझ्याबाबत हे लोकांना खरं वाटणार नाही, पण नाही सांगितलं.

बी-बियाणांच्या दुकानदारानं काकांना सोपी वाट दाखवली. तांब्याचीच तयार पावडर मिळते, पुडीतली. पाण्यात कालवायची आणि मारायची, चुना नको, सुरी नको, कुणाला विचारणं नको. काका पुड्या घेऊन आले. मला वाटलं, सुटले. पण पुढच्या फवारणीच्या सकाळी बघते तर अंगणात त्याच तीन बादल्या. मोरचूद भिजवलाय, चुना विझवलाय, काठीनं ढवळणं चाललंय. सुरी बुडवली, काकूंच्या हातात दिली. काकू म्हणाल्या, झालं. काकांनी त्यांना चहाला आत नेलं, मग एकटेच बाहेर आले, ती अख्खी बादली अंगणाच्या कोपऱ्यात खड्ड्यात ओतली आणि पुडीतल्या पावडरीचं पाणी पंपात भरलं. दर वेळी हेच. त्या कोपऱ्यातलं गवत पिवळं पडून गेलं, माती खणली तरी गांडूळ दिसेना.

एकदा मी विचारलं की हे नाटक कशासाठी. माल फुकट, मेहनत फुकट, माती खराब. काका पंप धूत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"दिवसभर तिला कुणी काही विचारत नाही," ते म्हणाले. "स्वयंपाक मी करतो. गोळ्या मी देतो. दाराला कुलूप मी लावतो. एवढी एकच गोष्ट आहे जी मी तिला विचारतो."

मी परत मशीनवर बसले आणि रडले. जो ब्लाउज शिवत होते त्याची शिवण वाकडी गेली, ती उसवावी लागली.

पुडीनं वेल सावरली. नवी पानं आली, माझ्या खिडकीत पुन्हा हिरवा उजेड पडायला लागला. काकू सावलीत बसायच्या. कधी मला ओळखायच्या, कधी मला दुकानातली नवी मुलगी समजून रीळ जागच्या जागी ठेव म्हणायच्या. मी ठेवते म्हणायचे.

अशाच एका सकाळी काकांनी सुरी त्यांच्या हातात दिली. काकूंनी ती घेतली आणि उजेडात जरा तिरकी धरली. अगदी पूर्वीसारखी. मी पाय मशीनवरून काढला. काकू म्हणाल्या, अजून. काकांचं लक्ष चहाकडे होतं, आत आधण ठेवलेलं असणार. ते बरं बरं म्हणाले आणि नुसतीच काठी फिरवली, चुना घातलाच नाही. काकू जरा चिडल्या.

"अजून म्हटलं ना. तांबडं आलंय."

काका म्हणाले, घातला, घातला. आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले. लहान मुलाची समजूत काढावी तसे. सुरी खुर्चीच्या हातावर राहिली. मी खिडकीतून मान काढून बघितलं. पातं तांबडं होतं. शंका घ्यायला जागा नव्हती इतकं तांबडं.

काका बाहेर येऊन बादली उचलायला वाकले तेव्हा मी सांगितलं. सांगायला नको होतं की हवं होतं, हे मला ठरवता येत नाही, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे खरं. म्हटलं, काका, काकूंनी बरोबर सांगितलं होतं. काकांनी बादली खाली ठेवली. सुरी उचलली, ह्या बाजूनं बघितली, त्या बाजूनं बघितली, जणू आज तरी दिसेल. मग मला विचारलं की आधीच्या वेळी काय होतं, त्याच्याही आधीच्या. मी कुठली बघायला? मी दर वेळी काही पातं बघत नव्हते. ते काकूंच्या खुर्चीत बसले.

"म्हणजे ती मधे मधे बरोबर सांगत असेल," ते म्हणाले. "आणि मी ओतून देत होतो. ती चुकते कधी आणि बरोबर कधी, हे मला कळायची सोयच नाही. तरी मी तिचं ऐकायचं सोडून दिलं."

आणि ते रडले. नखं निळी असलेला हात तोंडावर धरून, आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं. मी माणसं रडताना पुष्कळ पाहिली आहेत, पण मला त्या दिवशी खिडकी लावून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पुड्या त्यांनी दुकानात परत केल्या. मी ओळखलं काय होणार ते. मी म्हटलं, काका, एवढं टोकाला जाऊ नका. मी इथंच असते. पातं तांबडं दिसलं की मी खोकेन, तुम्ही गुपचूप चुना वाढवा. काकूंचा मान राहील, वेलही राहील. ह्याच्यापेक्षा सोपं काय असतं? काकांनी मान हलवली. म्हणाले, तू खोकलीस की मी तुझ्या शब्दावर चालणार. मग तिला विचारायचं कशाला? मी म्हटलं, आणि वेल? ते म्हणाले, वेल तिचीच आहे.

मला राग आला. तेव्हा आला आणि अजूनही येतो. हा कसला हट्ट? डोळ्यांदेखत झाड मरणार आणि हा माणूस तिच्या शब्दाला चिकटून बसलाय. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते जाणवलं असेल असं वाटत नाही.

त्या सगळ्या हंगामात काकांनी काकूंच्या होकारावर फवारणी केली. काही वेळा काकू सुरी तिरकी धरायच्या आणि अजून म्हणायच्या, मग काका मन लावून चुना घालायचे, आणि त्या वेळी पानं तरायची. काही वेळा सुरी उलटी हातात धरून, भलतीकडेच बघत झालं म्हणायच्या. काका तेही ऐकायचे. पंप पाठीला लावायचे आणि वेलीला न्हाऊ घालायचे. वेल फुटायची, जळायची, पुन्हा कोंब काढायची, पुन्हा जळायची. उरलेलं औषध आता ते कुणाला देत नसत. गल्ली म्हणाली, काका चिक्कू झाले. मग वेलीची अवस्था दिसायला लागली तेव्हा गल्लीनं निकाल लावून टाकला की काकांचं डोकं चालेनासं झालंय, काकू बिचाऱ्या कशा निभावून नेत असतील. सायकलवाला तर एकदा आत येऊन हात जोडून म्हणाला, काका, आता हे थांबवा, तुमच्याच्यानं होत नाही. काका म्हणाले, खरंय, होत नाही. मी खिडकीत जीभ दाताखाली धरून बसले होते.

हंगाम संपता संपता तारांवर नुसत्या काटक्या राहिल्या. मुळाशी नख लावून बघितलं तरी हिरवं लागेना. त्या दुपारी काकूंची खुर्ची नेहमीच्या जागी होती आणि त्यांच्या तोंडावर लख्ख ऊन. त्यांनी कपाळावर हात आडवा धरून वर बघितलं. बराच वेळ बघितलं. आवाज एकदम दुकानातल्यासारखा, स्वच्छ.

"वेल कुणी जाळली?"

काका डब्यावर बसले होते. ते म्हणाले, "मी. माझ्या हातून चुकलं."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. चुकीचं रीळ काढून आणणाऱ्या मुलीकडे त्या अशाच बघायच्या, रागानं नाही, हताश होऊन.

"अहो, तुम्हाला रंग कळत नाही. माहीत आहे ना? मग मला का नाही विचारलंत?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस सांगेल. एवढे दिवस सगळ्या गल्लीचं ऐकून घेतलं, आता हिचंही? काका उठले. त्यांनी काकूंना हाताला धरून उठवलं, खुर्ची उचलून माझ्या भिंतीच्या कडेला, जिथं हातभर सावली होती तिथं ठेवली आणि त्यांना बसवलं.

"चुकलंच," ते म्हणाले. "पुढच्या वेळी तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही."

काकू बरं म्हणाल्या आणि पाय सावलीत ओढून घेतले.